मोजपट्टीवरचे उलटे आकडे

४ जुलै

खारू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्यात दोन ओळी वाचून होतात.

आधी बातमी सांगते, पोटात राहत नाहीये. संस्थेने मला पडद्यावरची तुकडी दिली. हो, मलाच. टीव्हीचा रिमोट जी अजून उलटा धरते, तिला. आपला पुस्तकबांधणीचा चार महिन्यांचा वर्ग आता निम्मा खोलीत आणि निम्मा घरून. बारा जण माझ्या टेबलाशी, माझ्या मागे-शेजारी दाटीने, बाकीचे लांबलांबच्या गावांतून संगणकाच्या चौकटीत. तास एकच, बाई एकच. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा.

प्राचार्य म्हणाले, "हाताचं काम पडद्यावरून शिकवणार? पत्राने पोहायला शिकवण्यातला प्रकार आहे हा, बाई." मी म्हटलं, "बुडाले तर मला सांगा." तुला माहीत आहे माझी जीभ. बोलून बसले, आता करून दाखवणं आलं.

आमचे वायरमनदादा आहेत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, सारखे डोक्यावरचाच चष्मा शोधणारे. त्यांनी जुना फोन एका दांड्याला बांधून बरोबर माझ्या हातांवर लटकवलाय. त्याच्या मागच्या कॅमेऱ्याची काच तडकलेली, म्हणून पडद्याच्या बाजूचा कॅमेरा खाली करून लावलाय. त्यातून घरच्यांना फक्त माझे हात दिसतात. संगणकावर मला त्यांचे चेहरे दिसतात. माझं स्वतःचं चित्र मी बंद ठेवायला लावलंय. आपलेच हात बघत शिकवायचं म्हणजे आरशात बघत जेवण्यासारखं वाटतं.

घरचे कोण कोण आहेत सांगू? एक ग्रंथालयातला शिपाई, ज्याच्याकडे पाठ मोडलेल्या पुस्तकांची अख्खी खोली पडून आहे. एक दवाखान्यात जुन्या नोंदवह्यांची बाडं सांभाळणारी बाई. दोन सख्ख्या जावा, एकाच फोनवर, एकाच चौकटीत, एकमेकींना कोपरं मारत. एक निवृत्त पोस्टमास्तर, ते प्रत्येक वाक्याआधी "आवाज पोचतोय का" विचारतात.

पडद्यावरची तुकडी मंजूर व्हायला बारा नावं लागतात. अकरा झाली आहेत. बारावं मिळेल म्हणतात.

तू कशी आहेस ते विचारत नाही.

तुझी ताई

२० जुलै

खारू,

बारावं नाव मिळालं. तुझं.

आता पत्र खाली ठेवू नकोस, पूर्ण वाच. शनिवारी पाचला यादी बंद होणार होती. पावणेपाचपर्यंत बारावं कोणी आलं नाही. शिपायाचा तीनदा फोन, "बाई, होईल ना?" त्याला हे प्रमाणपत्र मिळालं तर तो शिपायाचा मदतनीस बांधणीकार होणार आहे. माझ्यासमोर कागद, हातात पेन. माझा हात कधी माझं ऐकतो? लिहून टाकलं. पत्त्यासकट.

म्हणजे आता तू माझी विद्यार्थिनी आहेस, निदान कागदावर तरी. तुला पाकीट येईल, टरकावू नकोस. त्यात सुई, मेण लावलेला दोरा, भोकं पाडायचा टोच्या आणि बत्तीस कागद आहेत. सगळ्यांना पाठवलंय. तासाला कसं यायचं त्याची चिठ्ठीही आत आहे. तू ये असं मी म्हणत नाही. पाकीट मात्र परत पाठवू नकोस, इथे टपाल माझ्याआधी प्राचार्य उघडतात.

पहिल्या तासाची गंमत ऐक. वीस मिनिटं मी जीव तोडून शिकवलं. चार कागद एकात एक घालायचे, मधोमध घडी, झाला एक फर्मा, असे आठ फर्मे म्हणजे आपलं पुस्तक. सगळं सगळं सांगितलं. मग पोस्टमास्तरांनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत, "बाई, आवाज पोचत नाही." वीस मिनिटं माझा माइक बंद होता. खोलीतले बारा जण हसून लोळले आणि घरचे अकरा जण गंभीर चेहऱ्याने घड्या घालत होते. पाहून पाहून बरोबर घातल्या होत्या, बरं का.

तेव्हाच मला लक्षात आलं की ही माणसं माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. खोलीतल्यांचं उलट. ते माझ्या तोंडाकडे बघून मान डोलावतात आणि घड्या वाकड्या घालतात.

हजेरीत तुझं नाव घेते. "गैरहजर" मीच म्हणते.

ताई

११ ऑगस्ट

खारू,

पाकीट परत आलं नाही. एवढंच लिहून पत्र संपवलं असतं तरी चाललं असतं, पण मला सांगायचंय फार.

शिकवणं इतकं मजेचं असतं हे मी विसरले होते गं. वीस वर्षं तेच टेबल, तेच शब्द, झोपेत विचारलं तरी सांगीन. आता दर तासाला काहीतरी नवं अडतं आणि काहीतरी नवं सुचतं. घरी आल्यावरही मी फोनवरच असते. कोणी धाग्याचा फोटो पाठवतं, कोणी गाठीचा, कोणी रागावून सुईचा. मी प्रत्येकाला बोलून उत्तर पाठवते, टाइप करायला मला कुठे येतंय. जावांनी माझे सगळे निरोप जपून ठेवलेत, स्वयंपाक करताना लावतात म्हणे. मी त्यांच्या ओट्यावर बोलत असते आणि मला पत्ताच नाही.

अडचण एक झाली. तुला ठाऊक आहे, मला डावं-उजवं पटकन कळत नाही. लहानपणी डाव्या हाताने लिहिते म्हणून इतकी बोलणी खाल्ली की ते दोन शब्दच मी सोडून दिले. मी म्हणते "इकडून घाला, तिकडून काढा." खोलीत चालून जातं. घरचे कुरकुरले, "इकडून म्हणजे कुठून, बाई?" दवाखान्यातली बाई तर म्हणाली, "आमच्याकडे इकडे भिंत आहे."

मग सुचलं. पुस्तकाच्या पाठीवर एका टोकाला लाल पेन्सिलीची खूण, दुसऱ्या टोकाला निळी. "लाल टोकाकडून सुरू करा, निळ्या टोकाला कडेची गाठ मारा, परत लालकडे या." झालं, सगळे प्रश्न बंद. वायरमनदादा म्हणाले, "बाई, तुम्ही पेटंट घ्या." दिवसभर मी अशी चालत होते की जणू घेतलंच.

शिपाई मात्र एक नंबरचा खट्याळ आहे. आज भर तासात म्हणाला, "बाई, तुमच्या मोजपट्टीवरचे आकडे उलटे दिसतात. तीस आधी येतो आणि एक शेवटी. तीनाचं तोंड पण फिरलंय. कुठून मोजू?" मी म्हटलं, "पट्टी सरळ आहे बाबा, तूच शीर्षासन करून बसला असशील." सगळे हसले. तोही हसला. पण मग पट्टी बाजूला ठेवून बसला बिचारा, तेवढं मला आवडलं नाही. तासानंतर फोन करून त्याला कशावरून कुठपर्यंत मोजायचं ते दोऱ्याने दाखवलं.

तुझं नाव दर तासाला घेते. प्राचार्यांनी विचारलं, ही बारावी कधी दिसत कशी नाही? मी म्हटलं, "तिच्याकडे नेटवर्क नाही." खोटं म्हणावं तर तितकंसं खोटंही नाही.

ताई

६ सप्टेंबर

खारू,

डोकं इतकं तापलंय की शाई वाळायच्या आत लिहून काढते.

वर्गाच्या मध्यावरची परीक्षा झाली. प्रत्येकाने एक पुस्तक शिवायचं, घरच्यांनी टपालाने पाठवायचं. मी पार्सलं उघडत गेले आणि माझा हात थांबेना. पोस्टमास्तरांचं पुस्तक, सरळ. जावांची दोन्ही, सरळ. शिपायाचं तर असं की टेबलावर उभं करून त्यावर चहाचा कप ठेवावा. अकराच्या अकरा पुस्तकं ताठ उभी. आणि खोलीतल्या बारांपैकी अकरा पुस्तकं तिरकी. चौथ्या-पाचव्या फर्म्यापासून एका अंगाला झुकलेली. गाठी सैल. फक्त वेणीवाल्या मुलीचं पुस्तक चांगलं. ती आहे डावरी, माझ्यासारखी, आणि तिचा हात मुळातच चांगला, असं मी धरून चालले होते.

मी पुस्तकं मांडून प्राचार्यांना बोलावलं. म्हटलं, बघा, कोण बुडालं? त्यांनी शांतपणे एकेक उचललं आणि म्हणाले, "बाई, या खोलीतल्यांच्या पुस्तकांवर लाल खूण डाव्या टोकाला आहे. तुमच्याही पुस्तकावर डाव्या टोकाला. पण घरच्या अकरांच्या पुस्तकांवर लाल खूण उजवीकडे. तुम्ही शिकवलं तसं यांनी केलंच नाही. हे कुणा जाणत्या बांधणीकाराकडून करून घेतलंय."

मी खुणा पाहिल्या. खरंच उजवीकडे. सगळ्यांच्या. वाद घालण्यात मी कधी मागे राहिले नाही, पण या वेळी नुसती पुस्तकं फिरवून फिरवून बघत राहिले.

आता त्यांनी ठरवलंय की बारा तारखेला सगळ्या घरच्यांनी कॅमेऱ्यासमोर पहिल्या टाक्यापासून शिवून दाखवायचं. ते स्वतः बसणार. नाही जमलं तर तुकडी रद्द. शिपायाला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाई, मी माझ्या हाताने केलंय." मला त्याचं खरं वाटतं. तरी मनात एक किडा वळवळतोच, की अकराही जण एकाच पद्धतीने माझ्या उलट कसे शिवतात?

ताई

१२ सप्टेंबर

खारू, खारू, खारू,

बस. खाली बस आणि मग वाच.

सकाळी प्राचार्य आले, वही-पेन घेऊन, खुर्ची ओढून बसले. त्यांना सगळं नीट दिसावं म्हणून वायरमनदादांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. एका बाजूला घरच्यांच्या दहा चौकटी, दुसऱ्या बाजूला माझ्या टेबलावरच्या फोनचं चित्र. मी सुई ओवली, लाल टोकाकडून पहिला टाका घातला आणि सहज मान वर केली.

भिंतीवर एक बाई उजव्या हाताने शिवत होती.

बांगडी माझी. भाजल्याचा डाग माझा. हात उजवा. मी सुई वर केली, तिने उजव्या हाताने सुई वर केली. मग माझी नजर शेजारच्या मोजपट्टीवर गेली. तीस आधी, एक शेवटी. तीनाचं तोंड फिरलेलं.

मी वायरमनदादांना म्हटलं, "हे काय आहे?" ते चष्मा शोधत म्हणाले, "पुढचा कॅमेरा आहे ना बाई, तो आरशासारखं दाखवतो. फोनमधली ती आरशाची खूण काढायची राहून गेली माझ्याकडून. चूक झाली, लगेच सरळ करतो."

मी ओरडलेच, "हात लावू नका."

कळतंय का तुला? दोन महिने मी घरच्यांना उजवी दिसत होते. वरून, माझ्याच बाजूने बघितलेले हात, फक्त फिरवलेले. लाल टोक त्यांना उजवीकडे दिसलं, त्यांनी उजवीकडे खूण केली. मी केलं तसंच त्यांनी केलं, जसंच्या तसं. त्यांना मनात काहीच उलटं करावं लागलं नाही. आणि खोलीतले बिचारे माझ्या खांद्यावरून वाकून डावरीचं काम बघत होते आणि उजव्या हाताने ते करायला धडपडत होते. वीस वर्षं मी पहिल्या तासाला म्हणत आले, "मी डावरी आहे, तुम्ही उलटं धरा." एक वाक्य. सांगितलं, सुटले. उलटं धरणं किती अवघड असतं ते मी कधी करून पाहिलं होतं का?

प्राचार्यांना अजून उमगलं नव्हतं. मी खोलीतल्या सगळ्यांना उठवलं आणि माझ्या बाजूकडून हलवून टेबलाच्या पलीकडे बसवलं, समोर. म्हटलं, "आता आरशात बघता तसं माझ्याकडे बघा. माझा हात जिकडे जाईल, तिकडे समोरचा तुमचा हात न्या." पहिला टाका. दुसरा. निळ्या टोकाची गाठ. ज्या मुलाला गेले दोन महिने मी "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणत होते, त्याने दोरा ओढला, गाठ टच्चकन बसली, आणि तो आपल्या बोटांकडे असा बघत राहिला जणू ती कुणी बदलून दिली. वेणीवाली तेवढी माझ्या शेजारी बसली. तिची जागा तीच.

घरचे अकरा तोवर शिवतच होते, कोणाचं लक्षही नव्हतं. पोस्टमास्तरांनी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं, सरळ. प्राचार्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं, मग म्हणाले, "बाई, मी यांची माफी मागतो. यांना ऐकू जातंय का?" जावा एका सुरात म्हणाल्या, "जातंय की."

मी शिपायाला म्हटलं, "तू महिन्यापूर्वीच सांगितलं होतंस, मी तुझी थट्टा केली. चुकलं माझं." तो म्हणाला, "असू दे बाई, पण मी शीर्षासन करत नव्हतो." सगळी खोली हसली आणि मी रडले. वायरमनदादांना वाटलं, आनंदाने. आनंद होताच. पण मला तू आठवलीस.

ताई

१३ सप्टेंबर

खारू,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आले. अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आज लिहिते.

मी बाबांकडून कशी शिकले आठवतंय? बांधणीच्या दुकानात बाबांच्या शेजारी खळ शिजवायची शेगडी असायची, म्हणून मला बसायला जागा टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर. बाबा उजवे, मी डावरी, समोरासमोर. मला सगळं आरशासारखं सोपं गेलं. दोन आठवड्यांत पुस्तक उभं राहिलं. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, हिच्या हातात उपजतच आहे. मीही ते खरं मानलं. उपजत कसलं, शेगडीची कृपा.

आणि तू माझ्याकडे शिकलीस तेव्हा शेगडी गेलेली होती. तू उजवी, आणि माझ्या शेजारी बसायचीस, अगदी खेटून, कारण तुला माझ्याजवळ बसायला आवडायचं. तिथून तुला सगळं उलटं दिसत होतं. तू विचारायचीस, "ताई, पुन्हा दाखव." मी पुन्हा तेच दाखवायचे, फक्त जास्त रागाने.

मग संस्थेतली ती परीक्षा. नऊ वर्षं मी ती स्वतःला वेगळ्या तऱ्हेने सांगत आले. मी प्रामाणिक, मी बहिणीलाही सवलत दिली नाही, आणि तू रुसून गेलीस. खरं काय ते लिहिते. तुझं पुस्तक मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं आणि वरून तळहाताने दाबलं. ते तिरकं झालं, सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले, "बहीण म्हणून सोडणार नाही. मी डावं-उजवं करत नाही." तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पुढे म्हणाले, "तुझ्या हाताला हे काम येणार नाही, खारू. दुसरं काहीतरी बघ." तू सुई खाली ठेवलीस, ओढणीला हात पुसलेस आणि गेलीस. बाबा गेल्यावरही तू दुकानाच्या खोलीत पाय ठेवला नाहीस.

तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. बसायची जागा चुकली होती, आणि ती जागा ठरवणारी मी होते. मी तुला डावललं. बघ, शब्दसुद्धा माझ्याच हातावरून पडलेला असणार.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण ते मागितलं की तुझ्यावर देण्याचं ओझं येतं. म्हणून फक्त चूक माझी होती एवढं लिहिते, आणि खाली सही करते, म्हणजे कुणालाही दाखवता येईल.

ताई

२९ सप्टेंबर

खारू,

आज प्राचार्यांना सगळं सांगून टाकलं. बारावं नाव मी न विचारता घातलं, नेटवर्कची थाप मारली, सगळं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर माफी मागितली, मग मला खोटं घेऊन त्यांच्यासमोर बसवेना.

त्यांनी यादी काढून बारावं नाव पाहिलं. मग म्हणाले, "बाई, नियम माझ्या हातात नाही. वीस ऑक्टोबरला शेवटच्या परीक्षेची या तुकडीची बारा पुस्तकं टेबलावर लागतात. अकरा असली तर तुकडी धरली जात नाही. त्या अकरांना पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल. तुमच्यावर मी काय कारवाई करायची ते नंतर बघू."

अकरांनाही मी सांगितलं, भर तासात, कॅमेऱ्यासमोर. वाटलं होतं भडकतील. दवाखान्यातली बाई म्हणाली, "तुमच्या बहिणीला आमचा नंबर द्या, आम्ही बोलतो." मी नाही म्हटलं. पोस्टमास्तर म्हणाले, "पत्रं पोचतायत ना पण? परत आली नाहीत ना? मग वाचतायत त्या. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

पण खारू, हे तुला सांगतेय ते जबरदस्ती म्हणून नाही. या अकरांसाठी तू पुस्तक पाठवू नकोस. त्यांच्यासाठी मी दारोदार फिरीन, पुढच्या वर्षी पुन्हा शिकवीन, माझी खुर्ची गेली तर घरी बसून शिकवीन. माझी चूक तू निस्तरायची नाहीस, पुरे झालं ते. तुला शिवावंसं वाटलं तरच शिव. बारा सप्टेंबरच्या तासाचं चित्रण चिठ्ठीतल्या पत्त्यावर आहे. मी वायरमनदादांना कॅमेरा सरळ करू दिलेला नाही. वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, "उलटा आहे, तसाच ठेवा."

ताई

२१ ऑक्टोबर

खारू,

काल सकाळी दहाला टेबलावर अकरा पुस्तकं होती. अकरा वाजता अकराच. प्राचार्य घड्याळाकडे बघत नव्हते, मला बरं वाटावं म्हणून खिडकीबाहेर बघत होते. घरचे सगळे पडद्यावर हजर होते, तास नसताना. जावांच्या चौकटीत तर तीन डोकी, सासूसुद्धा येऊन बसली होती.

साडेबाराला टपाल आलं. आमच्या टपालवाल्याने पार्सल माझ्या हातात दिलं. पाठवणाऱ्याचं नाव तुझं. वायरमनदादांनी खुर्ची सरकवली.

मी आधी चिठ्ठी वाचली. मोठ्याने वाचणार नव्हते, पण पोस्टमास्तर म्हणाले, "आवाज पोचत नाहीये, बाई." वाचली.

"ताई, तू सांगतेस ते खरं की थाप, तेवढंच बघायला तो तास लावला. पाच मिनिटं बघून बंद करणार होते. उठले तेव्हा तीन फर्मे शिवून झाले होते. पुस्तक सोबत आहे. तपास. बहीण म्हणून सोडू नकोस."

खारू, मी ते पुस्तक टेबलावर ठेवलं. पाठीवर लाल खूण उजवीकडे. सगळी खोली बघत होती, भिंतीवरचे अकरा बघत होते. मी वरून तळहात ठेवला आणि दाबलं, त्या दिवशी दाबलं होतं तसंच, पूर्ण जोराने.

हललं नाही.

प्राचार्यांनी दाबलं. शिपाई पडद्यातून म्हणाला, "अजून जोरात दाबा, साहेब." त्यांनी दाबलं. हललं नाही. मग त्यांनी यादी ओढली आणि बाराव्या नावापुढे खूण केली. अकरांना प्रमाणपत्र मिळतंय, बारावीलाही. माझ्यावरची कारवाई अशी, की पुढच्या वर्षी दोन तुकड्या घ्यायच्या.

आता निकाल ऐक. घडी उत्तम. टाके एकसारखे, माझ्याहून बरे. सहाव्या फर्म्याची कडेची गाठ सैल आहे, घाई केलीस, तुझी जुनी सवय. तिचे चार गुण कापलेत. शंभरपैकी शहाण्णव. बहीण म्हणून सोडलं नाही.

ती गाठ मी उसवलेली नाही. दुरुस्त करायला तुला स्वतः यावं लागेल. दुकानात बाबांच्या शेगडीची जागा रिकामीच आहे, पण तिथे बसू नकोस. टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर तुझी खुर्ची मांडली आहे.

ताई